यादीतले बारावे पुस्तक

बिबवेवाडी, पुणे
४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

ती. अक्का,

नमस्कार. सकाळी सहाला उठलो. दूध आणले. नळाला पाणी कमी दाबाने आले, पण आले. दहाला बँकेत जाऊन हयातीचा दाखला दिला. तिथल्या मुलीने अंगठा तीन वेळा लावून घेतला. पहिल्या दोन वेळा मी जिवंत असल्याचे मशीनने मान्य केले नाही. अकराला वाचनालयात गेलो. एकला परत येऊन जेवलो.

तुमचा फराळाचा डबा वसुबारसेलाच मिळाला होता, पोच द्यायची राहिली. या वर्षी आमच्याकडे सण नाही म्हणून इमारतीतल्या पाच घरांनीही डबे पाठवले. घरात इतका फराळ आजवर कधी नव्हता. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र.

वाचनालयात का गेलो ते सांगतो. विजयमालाने जानेवारीत एक संकल्प केला होता. वर्षात बारा पुस्तके वाचायची. कोणी सांगितले नव्हते, बक्षीसही नव्हते. वाचनालयातल्या बायकांचा एक गट आहे, त्यांच्याकडून तिने बारा प्रकारांची यादी आणली आणि वहीत उतरवून घेतली. एक प्रवासवर्णन, एका बाईचे आत्मचरित्र, शंभर वर्षांपूर्वीचे एखादे पुस्तक, असे. पुस्तक संपले की त्याच्यापुढे एक ओळ लिहायची. अकरा ओळी लिहून झाल्या आहेत. अकरावी ऑगस्टमधली. नऊ सप्टेंबरला ती गेली. बारावा रकाना रिकामा आहे.

मी छत्तीस वर्षे वीज मंडळात मीटर तपासले. रजिस्टरमध्ये रिकामा रकाना ठेवून मी कधी घरी आलो नाही. ३१ डिसेंबरच्या आत हा भरायचा असे ठरवले आहे. एकोणचाळीस वर्षांच्या आमच्या संसारात तिने अर्धे टाकलेले हे एकच काम, आणि तेही तिच्या मर्जीने टाकलेले नाही.

बारावा प्रकार असा आहे : ‘सणाच्या दिवसांत घडणारी डार्क कॉमेडी’. त्या गटाची प्रमुख शेफाली नावाची तिशीतली मुलगी आहे. तिला अर्थ विचारला. ती म्हणाली, “काका, म्हणजे हसू येतं, आणि आपण हसलो याची लाजही वाटते.” मी म्हटले, मग हसूच नये. त्यावर ती हसली. या लोकांना हसायला कारण लागत नाही.

विजयमालाने जे पुस्तक निवडले होते तेच मागून घेतले. दवाखान्यात ते तिच्या उशाशी होते, नंतर मीच परत करून आलो होतो. नाव ‘पाडव्यानंतर कळवू’. वीस पाने वाचली. पान चारवर रावसाहेब नावाचे गृहस्थ वसुबारसेच्या संध्याकाळी खुर्चीत बसल्याबसल्या मरतात. पान नऊवर घरातले ठरवतात की पाडवा होईपर्यंत कोणाला कळवायचे नाही. सुतक लागले तर सण बुडेल, आणि नवा जावई पहिल्या दिवाळसणाला यायचा आहे. पान चौदावर प्रेताच्या शेजारच्या खोलीत करंज्या तळल्या जातात. मलपृष्ठावर लिहिले आहे की वाचक पोट धरून हसेल. मी पोट धरले नाही.

विजयमालासारख्या बाईने हे का निवडले असेल, कळत नाही.

आपला,
जयसिंग


फलटण
९ नोव्हेंबर

श्री. जयसिंगराव यांस,

तुळजाबाईचा नमस्कार. पत्र काल मिळालं. तब्येत बरी दिसते, कारण पत्रभर कुरकुर आहे. मला काळजी वाटली असती ती तुम्ही काही चांगलं लिहिलं असतंत तर.

पहिल्या सणाला मी यायला हवं होतं. गुडघ्यांनी एसटीची पायरी चढू दिली नाही. पाच घरचा फराळ आला म्हणता, म्हणजे माणसं बरी आहेत. डबे रिकामे परत देऊ नका, निदान साखर घाला. हे तुम्हाला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते.

आता पुस्तकाचं. ते परत करा. दुखवट्याच्या घरात दुखवट्याची थट्टा कशाला वाचायची? विजूचं सोडा, ती औषधाच्या बाटलीबरोबर येणारा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचायची. वाचनाची तिला हाव होती, निवड नव्हती. बारावं म्हणून दुसरं कुठलंही घ्या. रकाना बघायला कोण साहेब येणार आहे? तुम्ही आता नोकरीत नाही.

आणि तिने त्या पुस्तकाबद्दल वहीत कुठे काही खरडलं असेल तर मनावर घेऊ नका. आजारी माणूस काहीही लिहितं.

थंडी पडायला लागली आहे. कानाला रुमाल बांधून फिरायला जा.

अक्का


बिबवेवाडी, पुणे
१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

ती. अक्का,

सकाळी एक फेरी मारली, रुमाल बांधून. लेक अस्मिता खराडीहून आली होती. तिने सांगितले की असली पुस्तके आता फोनवर ऐकता येतात, आणि दीडपट वेगाने लावली तर चार तासांत संपतात. कंपनीतले सगळे तसेच करतात म्हणे. मी म्हटले, लवकर उरकायचेच असेल तर न वाचणे सगळ्यांत लवकर होते. ती गेल्यावर साठ पाने वाचली.

पुस्तक परत केलेले नाही. यादी तिची आहे, पुस्तक तिने निवडले आहे. त्याजागी मी दुसरे वाचले तर तो माझा संकल्प होईल, तिचा नव्हे.

लेखक तरुण आहे. मागे फोटो आहे, दाढी आहे, हात खिशात आहेत. त्याने आयुष्यात एकदाही सुतक पाळलेले नसावे. मेलेल्या रावसाहेबांना पंख्याखाली बसवून पाहुण्यांना सांगतात की त्यांचे मौनव्रत आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे त्यांनाही उटणे लावतात, कारण वास येऊ लागला आहे. शेजारीण येऊन पाया पडते आणि म्हणते, रावसाहेब यंदा फारच शांत झालेत. हे पान मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा थोडे हसू आले, त्याचा मला राग आला.

आणि तो जावई, इंद्रजीत. चार दिवस पाटावरून उठत नाही. चकली मऊ म्हणतो, उटणे खरखरीत म्हणतो. सगळे घर त्याच्या तोंडाकडे बघत बघत प्रेत या खोलीतून त्या खोलीत सरकवते. असा बैल माणूस पुस्तकात तरी कशाला घालायचा? आणि एवढे घर त्याला घाबरते ते का, ते लेखकाने कुठेही सांगितलेले नाही. सांगता येण्यासारखे नसणार.

खरा दिवाळसण कसा असतो ते या माणसाने फलटणला येऊन बघायला हवे होते. १९८६ साली मी आपल्याकडे आलो तेव्हा तुमच्या वडिलांनी मला उंबऱ्याबाहेर येऊन घेतले. घर हसतेखेळते होते. रडली ती फक्त विजयमाला, मला तेल लावताना. विचारले तर म्हणाली उटणे डोळ्यात गेले. मी मात्र सगळ्यांना सांगत आलो की तिला मोरपंखी शालू हवा होता आणि हिरवा मिळाला म्हणून ती रडली. तीसपस्तीस वर्षे हा विनोद चालला. तीही हसायची. तुमच्या चंद्रभागाआत्यांचेच बघा. इतक्या आजारी होत्या, पण भाऊबीज होऊ दिली आणि मग गेल्या. मला पुण्याला तुमचे कार्ड आले तेव्हाच मी विजयमालाला लिहिले होते की आत्या समजूतदार, जाताना कोणाचा सण मोडला नाही. खरी माणसे अशी असतात. ती या लेखकाला भेटलेली नाहीत.

आता एक विचारायचे आहे. तिने वहीत काही खरडले असेल असे तुम्ही लिहिलेत. बारावा रकाना तर कोराच आहे, पण तुमच्या पत्रामुळे मी वहीची मागची पाने उलटून पाहिली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिले आहे : ‘पान ७१. तार. अक्काने सांभाळलं.’ अक्षर दवाखान्यातले आहे, वाकडे.

पान ७१ वर थोरली सून रव्याच्या लाडवांचा पाक करते. एकतारी झाला की दोनतारी यावरून सासूसुनेत जुंपते. त्याच गडबडीत रावसाहेबांच्या भावाचे फोन यायला लागतात म्हणून ती मोबाइल बंद करून रव्याच्या डब्यात खुपसते. रव्यात मोबाइल खराब होतो हेही लेखकाला माहीत नाही. म्हणजे विजयमालाला पाकाची तार म्हणायचे असावे. तुमच्याकडे असा काही पाक बिघडला होता का? काय सांभाळलेत? ओळ लिहिण्यापूर्वी तिला काय म्हणायचे होते ते मला कळले पाहिजे.

आपला,
जयसिंग


फलटण
२१ नोव्हेंबर

श्री. जयसिंगराव यांस,

नमस्कार. हो, पाकच.

तुमच्या त्याच दिवाळसणाला विजूने हौसेने लाडू करायला घेतले आणि पाक पुढे गेला. चांगली दोन तारी झाली. लाडू असे दगड झाले की आईने तिला नाही नाही ते ऐकवलं. नवा जावई पहिल्यांदा घरी यायचा आणि त्याचे दात पडायचे, असं म्हणाली. विजू रडायला लागली. मग मी दुधाचा हबका मारला, लाडू फोडले, पुन्हा गरम केले, पुन्हा वळले आणि कुणाला कळू दिलं नाही. तुम्ही चार खाल्लेत आणि काही बोलला नाहीत. त्यामुळे आम्ही समजलो की जमले. तेच तिच्या लक्षात राहिलं असेल. तुम्हाला तेल लावतानाही ती त्याच्यामुळेच रडत होती, शालूमुळे नाही. बाकी काही नाही.

एवढ्याशा गोष्टीवर एवढं लिहायला लावलंत. आता कळलं ना? मग ते पुस्तक नेऊन द्या आणि रकान्यात लिहा ‘लाडू’. विजूला आवडलं असतं.

माझ्याकडे तुमच्यासाठी स्वेटर विणून तयार आहे. कुणी पुण्याला येणारं मिळालं की पाठवते.

अक्का


बिबवेवाडी, पुणे
२८ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

ती. अक्का,

पोस्टात दुपारपर्यंत गर्दी असते, म्हणून आधी पत्र लिहून मग तिकडे जाणार आहे.

तुम्ही शाळेत तीस वर्षे शिकवलेत, तेव्हा खोटे उत्तर कसे ओळखायचे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. खोटे उत्तर लांब असते. आमच्याकडे ज्या घराने मीटरमध्ये काही केलेले असायचे तिथे चहा आधी यायचा. तुमचे पत्र वाचताना मला तो चहा आठवला.

मी रव्याचा लाडू खात नाही. लहानपणापासून नाही. १९८६ च्या दिवाळीत तुमच्याकडे बेसनाचे लाडू होते, कारण मी रव्याचे खात नाही हे विजयमालाने तुमच्या आईला आधीच कळवून ठेवले होते. हे तिने मला नंतर सांगितले होते. बेसनाच्या लाडवाला पिठीसाखर लागते. पाक लागत नाही. स्वयंपाक येत नसून मला एवढे कळते, तरी खात्री म्हणून शेजारच्या बाईंनाही विचारले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की आता मी लाडू करायला घेतो की काय.

मग मी पान ७१ पुन्हा वाचले. एवढ्या वेळा तर मी मंडळाची परिपत्रकेही वाचली नव्हती. पाकाचे भांडण अर्ध्या पानाचे आहे. उरलेले अर्धे पान लपवलेल्या मोबाइलचे आहे. तुमच्याकडे तेव्हा मोबाइल नव्हता आणि साधा फोनही नव्हता. घरात घाईची बातमी यायची ती पोस्टमनच्या हातून.

अक्का, मी मूर्ख असेन, पण मूर्खाला दोनदा फसवणे बरे दिसत नाही. कसली तार आली होती?

आपला,
जयसिंग


फलटण
६ डिसेंबर

जयसिंगराव,

तुमचं पत्र येऊन चार दिवस झाले. दोनदा लिहायला बसले आणि उठले. आता सगळं सांगते. लांब होईल, पण खोटं नसेल.

तुमच्या त्या दिवाळसणाच्या धनत्रयोदशीला दुपारी बार्शीहून तार आली. मीच दारात घेतली. ‘चंद्रभागा एक्सपायर्ड, कम सून.’ आत्या त्या दिवशी पहाटेच गेली होती. भाऊबीजेला नाही.

आत्याला मूल नव्हतं. विजू चार वर्षांची असल्यापासून दहा वर्षांची होईपर्यंत तिच्याकडेच वाढली, हे तुम्हाला माहीत आहे. आई आम्हा सगळ्यांचीच होती, पण विजू तापात हाक मारायची ती आत्याला.

मी तार बाबांना दिली. बाबांनी वाचली, घडी घातली, आणि ओट्यावर बसून राहिले. त्यांची एकुलती एक बहीण. तुम्ही संध्याकाळच्या गाडीने यायचे होतात. मग ते आईला म्हणाले की जावई माघारी गेला पाहिजे तो सण होऊन. सुतक किती दिवसांचं लागतं हे विचारायलाही कुणी भटजींकडे गेलं नाही, कारण विचारलं की गावभर होतं. तार देवघरात आसनाखाली ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय? तुमच्याच पुस्तकातला प्रश्न आहे, घर जावयाला एवढं का घाबरतं. तर त्याचं उत्तर आमच्याकडे होतं. मे महिन्यात लग्नाच्या पंगतीत तुम्ही पहिल्या वरणभातावरूनच पानावरून उठला होतात. काही न बोलता. सगळी पंगत बघत राहिली. बाबा तुमच्या मागे धावले, तर तुम्ही हाताने ‘नको’ म्हणालात आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलंत. भातावर तूप कमी पडलं म्हणून जावई उठला, असं कुणी म्हणालं आणि तेच झालं. बाबा पाच महिने त्या तुपावर झोपले नाहीत. हा माणूस मानी आहे, बोलत नाही पण उठतो, असं ते म्हणायचे. सुतकाच्या घरी पहिला सण झाला आणि तुम्ही उठून गेलात, तर विजूचं काय होईल, एवढंच त्यांना दिसत होतं.

नरकचतुर्दशीला पहाटे विजू देवापुढे दिवा लावायला गेली. आसन नीट करायला उचललं आणि तिला तार मिळाली. ती माझ्याकडे मोरीपाशी आली. हातात तेलाची वाटी होती, तुमच्यासाठी गरम केलेली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं. मी म्हटलं, बाबांना उठवू का. तर ती म्हणाली,

“ते भाऊबीजेला जाणार आहेत. तोवर मी काही वाचलेलं नाही.”

एवढंच. मग तुम्हाला तेल लावायला गेली. तुम्ही उटण्याचं लिहिलंत ना, ते हे.

तीन दिवस ती हसत होती. पाडव्याला तुम्हाला ओवाळलं. भाऊबीजेला सकाळी तुम्ही तुमच्या बहिणीकडे म्हणून पुण्याला गेलात आणि दुपारच्या गाडीने बाबा आणि विजू बार्शीला गेले. बहिणीच्या घरी भाऊबीजेलाच पोचले ते. सगळं उरकलेलं होतं. आत्याचे यजमान बाबांशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. तुम्हाला जे कार्ड आलं ते मीच लिहिलं होतं, ‘भाऊबीजेला गेली’ म्हणून. त्याला उत्तर म्हणून तुम्ही विजूला लिहिलंत की आत्या समजूतदार. ते पत्र तिने मला वाचून दाखवलं. मग म्हणाली, अक्का, हे कधी सांगायचं नाही.

म्हणून ‘अक्काने सांभाळलं’. पुस्तकाचं तिने ऑगस्टमध्ये मला कळवलं होतं, की गंमत बघ, कुणीतरी आपलीच गोष्ट लिहिली आहे आणि लोक हसतायत, वाचून संपलं की यांना सांगावं म्हणते. संपलं नाही. म्हणून मी तुम्हाला ते परत करा म्हणत होते. तिला सांगायचं होतं, मला नाही. आता मीच सांगून बसले.

तुम्ही मूर्ख नाही. मूर्ख माणूस बेसन आणि रवा लक्षात ठेवत नाही. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, बाकी कुणी उरलं नाही.

अक्का


बिबवेवाडी, पुणे
२० डिसेंबर २०२५, शनिवार

ती. अक्का,

सकाळी सहाला उठलो. थंडी आहे. तुमचा स्वेटर मिळाला, बाह्या बरोबर बसतात. नऊच्या बसने मंडईत गेलो, साडेअकराला परत आलो. दुपारी पुस्तक संपवले.

मधले दोन आठवडे लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे काही नव्हते. रोज पत्र वाचत होतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. लग्नात मी तुपावरून उठलो नव्हतो. तूप होते की नव्हते हेही मला आठवत नाही. आदल्या रात्रीच्या जेवणाने माझे पोट बिघडले होते. पहिल्या घासालाच कळले की बसवणार नाही. सगळी पंगत समोर, शेजारी नवी बायको, मागे तुमचे वडील धावत आलेले. त्यांना काय सांगणार? मी हाताने नको म्हटले आणि दार लावून घेतले. तासाभराने बाहेर आलो तेव्हा सगळे गप्प होते. मला वाटले सगळ्यांना कळले आहे आणि भिडस्तपणाने कोणी बोलत नाही. माझ्यावर केवढे उपकार केले या लोकांनी, असे मी आजवर समजत होतो.

तुमच्या वडिलांनी पाच महिने झोप घालवली आणि मग बहिणीची तार आसनाखाली ठेवली, ती माझ्या पोटासाठी. हे या लेखकाला सुचले नाही. सुचले असते तर त्याच्या संपादकाने काढून टाकले असते, की फारच ओढूनताणून आहे.

तुम्ही लिहिलेत, रागवायचे तर तुमच्यावर. तुमच्यावर राग नाही. तुमच्या वडिलांवरही नाही. मला विजयमालाचा राग आला. सलग चार दिवस आला. एकोणचाळीस वर्षांत तिने एकदा जरी विचारले असते की तुम्ही त्या दिवशी का उठलात, तर मी सांगितले असते. मग वाटले, बहुधा नसते सांगितले. घशाशी आले म्हणालो असतो. नंतर तो राग कुठे गेला ते माहीत नाही.

शालूचा विनोद मी अस्मिताच्या लग्नातही सांगितला होता, व्याह्यांसमोर. आत्या समजूतदार हेही कितीदा म्हटले, मोजले नाही. प्रत्येक मयताला म्हणायचो. शेजारी कोणी सणात गेले की मी आत्यांचे उदाहरण देत असे. विजयमाला समोर बसून भाजी निवडायची किंवा पेपर वाचायची. एकदा, आठ-दहा वर्षांपूर्वी असेल, ती म्हणाली, “पुरे आता आत्याचं.” मला वाटले तिला आत्यांची आठवण येऊन वाईट वाटते. म्हणून मी आणखी समजावून सांगितले की वाईट वाटून घेऊ नकोस, त्यांनी सण होऊ दिला.

त्या इंद्रजीतला मी बैल म्हटले होते. तो शब्द तसाच ठेवतो, फक्त पत्ता बदलतो.

पुस्तकाचा शेवट सांगतो. पाडव्याच्या दुपारी जावयाला कळते की ज्यांच्या शेजारी बसून आपण चार दिवस जेवलो ते सासरे मेलेले आहेत. तो किंचाळतो, नेसत्या टॉवेलवर पळत सुटतो, आणि वाटेत सगळ्या गल्लीला वाटते की तो सासऱ्यांवर रुसून निघाला. म्हणून सगळे त्याची समजूत काढायला मागे धावतात. इथे हसायचे आहे. मला हसू आले नाही आणि राग तर अजिबात आला नाही. नुसता कंटाळा आला. दाढीवाल्याला सोपा शेवट हवा होता.

आज वाचनालयात पुस्तक देऊन आलो. शेफालीने विचारले, काका, कसं वाटलं. मी म्हटले, छपाई स्वच्छ आहे. तिच्या गटाचा ३१ तारखेला कार्यक्रम आहे, त्यात विजयमालाच्या नावाने एक प्रमाणपत्र देणार आहेत आणि मी ते घेताना फोटो काढणार आहेत. मी नाही म्हटले. तिने कारण विचारले. गेल्या खेपेला मी कारण न सांगता उठलो होतो त्याचे काय झाले ते आता मला ठाऊक आहे, म्हणून या वेळी सांगितले. मी म्हटले की संकल्प तिचा होता, तो कोणाला दाखवायला केलेला नव्हता, आणि फोटोत हसायला लागते ते मला जमणार नाही. तिला वाईट वाटलेले दिसले. पण तिने नाव खोडले. मुलगी तशी वाईट नाही.

वहीतली ओळ लिहिली. विजयमाला काय लिहिणार होती ते मला कळले, पण ते तिचे तिने लिहायचे होते. मी माझे लिहिले. तुम्ही सांगितलेले ‘लाडू’ लिहिले नाही. लिहिले ते असे :

‘वाचले. लेखकाला जावई कळलेला नाही. जावई पळत नाही. तो जेवतो, आणि चांगले झाले होते म्हणतो.’

ओळीऐवजी चार झाल्या. रकान्यात मावल्या नाहीत, खाली गेल्या. खाली तारीख घातली.

अस्मिताला अजून सांगितलेले नाही. ती उद्या येणार आहे. तेव्हा सांगेन. आधी पोटाचे सांगेन, मग तारेचे. तिला आत्या कोण हेही धड माहीत नाही.

जानेवारीत गुडघे परवानगी देतील तर या. मी फलटणच्या स्टँडवर घ्यायला येतो. एसटीची पायरी उंच असते, मी हात देईन.

मंडईतून मेथीची जुडी आणली आहे. मोठी आहे आणि मातीही बरीच आहे. पत्र पाकिटात घालतो आणि ती निवडायला बसतो.

आपला,
जयसिंग